सुई खरी होती की खोटी?

मंडळी, परवा आपल्या तालुक्यातल्या अ‍ॅक्युपंक्चर शिबिराची प्रेसनोट हातात आली. 'गुडघेदुखी, कंबरदुखी, मधुमेह, अर्धांगवायू यांवर हमखास गुण.' दहा वर्षांपूर्वी अशीच एक नोट मी जशीच्या तशी छापली होती. वर 'बहुतेक रुग्णांना आराम' हा मथळा माझा स्वतःचा. बहुतेक म्हणजे किती, कुणी मोजले, कसे मोजले, काहीच विचारलं नव्हतं. या वेळी विचारायचं ठरवलं आणि वाचत वाचत बराच लांब जाऊन आलो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुयांचं हे वेड पाश्चात्त्य देशांत पसरलं त्यात मोठा हात एका पत्रकाराचा. जेम्स रेस्टन, न्यूयॉर्क टाइम्सचे. जुलै १९७१ मध्ये ते चीनमध्ये होते. पेकिंगमध्ये (आताचं बीजिंग) त्यांचं अपेंडिक्स दुखावलं आणि तिथल्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा तिथल्या वैद्याने उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या. तासाभरात बरं वाटलं. २६ जुलैच्या अंकात त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं. ऑपरेशन नेहमीसारखं भुलीचं इंजेक्शन देऊन झालं, हेही लिहिलं. पण लोकांच्या तोंडी गोष्ट अशी फिरली की ऑपरेशनच सुयांवर झालं! पुढे फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन चीनला गेले आणि कुतूहल आणखी वाढलं.

आपल्याकडे मात्र ही विद्या त्याआधीच आली होती. १९३८ मध्ये चीनला गेलेलं भारतीय डॉक्टरांचं पथक आठवतं ना? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यातलेच, १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि इथे सुरू केलं. आज महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. तेव्हा हा विषय लांबचा नाही.

रेस्टनची गोष्ट खरी होती, पण ती एका माणसाची. सुया टोचल्या नसत्या तर त्यांना बरं वाटलं नसतं का? हे तपासायची युक्ती जुनी आहे. १७८४ मध्ये पॅरिसजवळ बेंजामिन फ्रँकलिन यांच्या समितीने 'प्राणिज चुंबकत्वा'ची परीक्षा घेतली. बारा वर्षांच्या एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून बागेतल्या झाडांकडे नेलं. एका झाडात म्हणे शक्ती भरली होती. मुलगा चौथ्या झाडाजवळ बेशुद्ध पडला. शक्तीचं झाड भलतंच होतं!

गोळीच्या बाबतीत ही पट्टी बांधणं सोपं. खरी गोळी आणि साखरेची गोळी दिसायला सारखी करायची. कुणाला कुठली दिली हे ना रुग्णाला सांगायचं, ना डॉक्टरला. सुईचं काय करणार? टोचली की नाही हे रुग्णाला कळतं, आणि टोचणाऱ्याला तर कळतंच कळतं.

सुरुवातीला संशोधकांनी सुया मुद्दाम चुकीच्या जागी टोचून पाहिल्या. पण टोचणं ते टोचणंच, शरीर त्याला काहीतरी उत्तर देणारच. मग १९९८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्झ यांनी नाटकातल्या सुरीसारखी सुई आणली. टोक बोथट, दाबली की मुठीत सरकते, आत शिरल्यासारखी दिसते. ६० जणांवर दोन्ही सुया वापरल्या. खऱ्या सुईने टोचल्याचं ५४ जणांना जाणवलं, खोट्या सुईने ४७ जणांना! रुग्णाच्या डोळ्यांवर पट्टी बसली म्हणायची.

पण टोचणाऱ्याला कळत होतंच. त्याने काय बिघडतं? २००८ मध्ये अमेरिकेतल्या टेड कॅपचक यांच्या गटाने आतड्याच्या जुनाट त्रासाचे २६२ रुग्ण घेतले आणि पहिले तीन आठवडे एकालाही खरी सुई लावली नाही. तीन आठवड्यांनी नुसती वाट पाहणाऱ्यांत २८ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं. खोटी सुई लावून जुजबी बोललेल्यांत ४४ टक्के. खोटी सुई आणि जवळ बसून आस्थेने केलेली चौकशी मिळालेल्यांत ६२ टक्के. म्हणजे टोचणारा मनापासून बोलतोय की उरकतोय, एवढ्यानेही आकडे हलतात. आणि खरी सुई हातात असलेला माणूस जरा जास्तच मनापासून बोलणार, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा?

जपानमध्ये २००७ साली ताकाकुरा आणि याजिमा यांनी बंद नळीतली सुई केली, टोचणाऱ्यालाही फरक कळू नये अशी. पण मग अनुभवी वैद्य म्हणतात, सुई फिरवणं, हाताला ती पकडल्यासारखी जाणवणं, हीच तर आमची विद्या. तुम्ही हात बांधून परीक्षा घेताय. त्यांचं हे म्हणणं मला उडवून लावण्यासारखं वाटत नाही.

आता जर्मनीचा मोठा प्रयोग. कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण, निकाल २००७ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्क्यांना फायदा. भलत्या जागी, वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना. नेहमीची औषधं आणि व्यायाम घेणाऱ्यांत फक्त २७.४ टक्क्यांना. दोन्ही बाजूंनी पेढे वाटले! एक म्हणे, सुया औषधांपेक्षा सरस. दुसरा म्हणे, खऱ्याखोट्यात फरकच नाही. बारकाईने पाहा. ४७ आणि ४४ ही तुलना पट्टी बांधून केलेली. २७ शी केलेली तुलना उघड्या डोळ्यांनी. त्या रुग्णांना पक्कं माहीत होतं की आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत, तोच जुना उपचार पुन्हा गळ्यात पडला आहे. तरी अशा चाचण्यांच्या आधारावर २००६ मध्येच जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्यात कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर बसवायचं ठरलं होतं. लोकांचा पैसा कुठल्या तुलनेवर खर्च करायचा, हा वाद अजून मिटलेला नाही.

पुढे २०१२ मध्ये जवळपास १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा दुखण्यावर खरी सुई खोटीपेक्षा सरस निघाली, पण थोडीशीच. आणि तो थोडासा फरक सुईचा की टोचणाऱ्याच्या उत्साहाचा, इथे गाडी पुन्हा त्याच पट्टीवर येऊन अडते.

हे सगळं वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "माझा गुडघा दोन महिने दुखला नाही, तो खोटा होता का?" खोटा नव्हता. तिला बरं वाटलं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला जाऊ नको असंही मी म्हणालो नाही. पण गुडघा दुखतो की नाही हे आई सांगू शकते, रक्तातली साखर अशी विचारून कळत नाही. 'हमखास गुण' वाचून उद्या कुणी इन्सुलिन बंद केलं, तर त्यात माझ्या बातमीचाही हात असेल.

म्हणून प्रेसनोटमधून मधुमेह, अर्धांगवायू आणि 'हमखास' काढलं. तारीख, वेळ, जागा, फी ठेवली. सकाळी आयोजकांचा फोन आला, "साहेब, मेन लाइनच उडवलीत." आधीच्या शिबिरातल्या रुग्णांची नोंद दाखवा, तीन महिन्यांनी कोण कसं होतं ते सांगा, तेही छापतो म्हणालो. बघतो म्हणाले.

आई गुरुवारी शिबिराला जाणार आहे. रिक्षा मीच सांगून ठेवली आहे.