साळलेली शिंगे

सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो. तिथे खिल्लार बैलाचे मोल करणारा माणूस जवळ आल्यावर दात बघतो, खूर बघतो, कातडी चिमटीत धरून बघतो. पण लांबून त्याची नजर ठरते ती शिंगांवर. कपाळातून आधी मागे झुकून मग वर उसळलेली, दोन्ही एका मापाची, टोकाला निमुळती शिंगे ही खिल्लाराची ओळख. मात्र बाजारात दिसणारी ही शिंगे सर्वस्वी निसर्गाची नसतात. त्यांच्यामागे शिंगे साळणाऱ्याचा हात असतो. जनावराला जखडून तो धारदार हत्याराने शिंगावरचा खरबरीत थर उतरवतो, कानशीने खाचा काढतो, काचेच्या तुकड्याने घोटतो आणि तेल लावून झळाळी आणतो. खोंड लहान असतानाच हे सुरू झाले, तर दोन शिंगांतला उणा-अधिकपणाही झाकता येतो. बाजारातल्या किमतीत या हातकामाचा वाटा असतो, हे विकणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. त्याला फसवणूक म्हणावे, तर नवरीच्या हळदीलाही तेच म्हणावे लागेल.

जनावरांच्या साजशृंगाराचा विषय निघाला की आज आपल्यासमोर पुण्या-मुंबईतली कुत्र्यांची सलून येतात आणि हे पैशाचे नवे खूळ आहे असे वाटते. आपल्याकडची परंपरा मात्र फार जुनी आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त राजाच्या घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान, शिवाय सुगंधी उटी आणि फुलांच्या माळा सांगितल्या आहेत, हत्तींच्या आंघोळीच्या वेळा दिवसाचे आठ भाग करून ठरवून दिल्या आहेत. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात हत्ती-घोड्यांबरोबर कुत्रे, कोंबडे, कबुतरे आणि झुंजीचे मेंढे यांचीही प्रकरणे आहेत. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. सोलापूरपासून फार लांब नाही. मेंढ्याची निगा हा राजाच्या लेखणीचा विषय होता, हे माणदेशातल्या मेंढपाळाला ऐकून नवल वाटणार नाही.

पण दरबारी हत्ती-घोड्यांचा थाट आणि कुणब्याच्या बैलाचा थाट यांत फरक आहे. बैलाचा थाट कामातून आला. सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यात बेंदूर होतो, इतरत्र पोळा. सणाच्या आदल्या दिवशी खांदमळणी. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटतो, घट्टा पडतो, कधी आवाळू येते. त्या खांद्याला कोमट पाण्याने शेकून हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात. ज्या घरात पोरांच्या पानात तूप मोजून पडे, तिथेही त्या दिवशी बैलाच्या खांद्याला हात आखडता घेत नसत. बाहेरच्याला ही उधळपट्टी वाटेल. खरे म्हणजे ते औषध होते आणि कबुलीही होती.

बेंदराच्या दिवशी ओढ्यावर नेऊन अंग घासणे, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, टोकांना पितळी शेंब्या, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, नवी वेसण, नवा कासरा. या एका दिवसाच्या साजामागे गावातले किती हात राबत, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. दोर आणि कासरे मातंग समाजाने वळायचे, चामड्याचे पट्टे चर्मकाराने शिवायचे, शेंब्या आणि घुंगरे पितळेचे काम करणाऱ्याने ओतायची. मिरवणुकीत बैल कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असे; गोंडे कोणाच्या हातचे, हे विचारले जात नसे. मिरवणुकीत मानाचा बैल पुढे असे. त्या मानावरून गावोगाव भांडणे जुंपत, कारण शिंगांवरच्या बेगडीत मालकाची इज्जत गुंडाळलेली असे.

उपयोगातून निघून हौसेपर्यंत पोचण्याचा हा प्रवास आपलाच नाही. पूडल जातीचा कुत्रा मुळात पाण्यात पडलेली शिकार आणणारा. पोहताना जड होऊ नये म्हणून त्याचे केस कापत. छाती आणि सांधे गारठू नयेत म्हणून तेवढ्या जागचे ठेवत. पुढे पॅरिसमध्ये पाँ नफ पुलाच्या परिसरात कुत्र्यांचे केस कापणारे बसू लागले आणि तेच झुबके फॅशन झाले. पाणी सुटले, झुबके राहिले. आपल्याकडे असेच काही खिल्लाराच्या बाबतीत घडते आहे, असे मला वाटते.

२०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये देशातल्या गोवंशातील नरांची संख्या पावणेसात कोटींच्या घरातून पावणेपाच कोटींच्या आसपास आली. सात वर्षांत सुमारे तीस टक्के घट. नांगर, मोट आणि गाडी ही तिन्ही कामे ट्रॅक्टर, विजेचा पंप आणि टेम्पो यांनी घेतली. सांगोला तालुका डाळिंबाचा झाला. बागेतल्या दोन ओळींत छोटा ट्रॅक्टर फिरतो. म्हणजे ज्या खांद्यासाठी हळद-तूप होते, तो खांदा आता बहुतेक ठिकाणी सोलवटतच नाही.

साज मात्र कमी झाला नाही, उलट वाढला. शर्यतीचा बैल शेततळ्यात पोहवला जातो, त्याला मालिश होते, शाम्पूने आंघोळ होते, खुराकात दूध आणि अंडी असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर शर्यतीच्या खोंडांच्या किमती चढल्या. मेंढ्यांचेही तेच. मेंढीची लोकर कातरायची ती घोंगडीसाठी. पण जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाची जी मेंढी आहे, तिच्या पोपटासारख्या बाकदार नाकाला लोकरीपेक्षा जास्त भाव आहे. २०२० च्या अखेरीस सांगोल्याशेजारच्या आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने तो दिला नाही, ही बातमी देशभर छापून आली.

या कौतुकाची एक काळी बाजू आहे आणि ती सणाच्या लेखांत येत नाही. बैलांना शिंगाचा कर्करोग होतो. शिंगाच्या आतल्या पोकळीच्या श्लेष्मल अस्तरात सुरू होणारा हा रोग भारतीय गोवंशात, त्यातही कामाच्या बैलांत, विशेष आढळतो. शिंग एका बाजूला कलते, नाकातून स्राव येतो, जनावर डोके झटकते, शेवटी शिंग कापावे लागते. त्याच्या संशयित कारणांत पशुवैद्य दोरीचे घर्षण आणि उन्हाबरोबर शिंगे साळणे आणि रंगवणे यांचीही नावे घेतात. पूर्वी हिंगूळ होता, म्हणजे पाऱ्याचेच संयुग. आता दारे-खिडक्यांचा ऑइलपेंट. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने विहित पद्धतीने शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे आणि वेसण घालणे यांना सूट दिली आहे. शिंगे देखणी करण्यासाठी साळणे त्या यादीत नाही, आणि तरी कोणी हटकल्याचे ऐकिवात नाही. ज्याच्या शिंगांवर मालकाचे सर्वात जास्त प्रेम, त्याच्याच शिंगांवर सर्वात जास्त हत्यार चालते. साळणाऱ्याला मी दोष देणार नाही. साळलेल्या शिंगांनाच भाव देणारे गिऱ्हाईक समोर उभे असते.

बेंदूर अजून होतो. दावणीला बैल नसलेल्या घरी मातीची जोडी आणून पुजतात. ट्रॅक्टर धुऊन त्याच्या बोनेटला हळद-कुंकू लावतात, आरशांना गोंडे बांधतात. आदल्या संध्याकाळची खांदमळणी मात्र अशा घरांत होत नाही. तिच्यासाठी खांदाच नाही.