खाडीच्या चिखलाखालचे खैर

भूगोलाच्या पुस्तकात टुंड्रा प्रदेशाचे वर्णन आपण सर्वांनी वाचलेले आहे. वर्षाचा बराच काळ गोठलेली जमीन, मोठे झाड नाही, नुसते शेवाळ, दगडफूल आणि खुरटी झुडपे. हवामान तापू लागल्यामुळे ती गोठलेली जमीन आता वितळू लागली आहे आणि पुष्कळ ठिकाणी शेवाळाच्या जागी झुडपे माजत आहेत. हे ऐकून कोणी म्हणेल, “त्या मुलखाशी आपला काय संबंध? आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर!” पण संबंध आहे, आणि तो पाहायला ठाण्याच्या कोपरीपर्यंत गेले तरी पुरे.

ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला, रेल्वेचे रूळ आणि खाडी यांच्यामध्ये कोपरी वसली आहे. जवळच चेंदणीचा कोळीवाडा. इथल्या एका रस्त्याचे नाव मीठबंदर. नावच सांगते की या काठाने एके काळी मिठाचा व्यापार पाहिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, आणि १८५४ साली खाडी ओलांडून ती कल्याणला पोचली. पुढे वस्ती वाढली, भराव पडले, रस्ते झाले. तरी काठावरच्या चिखलात तिवराची झाडे अजून उभी आहेत.

ही खाडी दक्षिणेस मुंबई बंदराला मिळते. त्या बंदरात प्रिन्सेस डॉक नावाची गोदी बांधली, ती १८८० साली खुली झाली. तिचे खोदकाम चालू असता चिकण गाळाच्या खाली झाडांचे बुंधे लागले. एकदोन नव्हेत, शेकडो! त्यांतले पुष्कळसे मुळांसकट जागच्या जागी उभे. लाकूड तपासले, तो खैर निघाला. विड्यात आपण कात घालतो, तो ज्याच्या लाकडापासून काढतात तोच हा खैर. हे झाड कोरड्या, खडकाळ माळरानावरचे. खाऱ्या पाण्यात ते जगत नाही. ही झाडे वाहून आली असती, तर मुळे जमिनीत कशी राहिली असती? तेव्हा जिथे आगबोटी लागल्या, तिथे कधी काळी कोरडे रान होते, हे उघड झाले.

जमीन खचली असावी, असे त्या वेळच्या भूगर्भशास्त्रज्ञांचे अनुमान होते. आज आपल्याला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगातील समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले आणि किनारे आत सरकले. पाणी चढते तसे गोड्या जमिनीवरचे झाड मागे हटते आणि खाऱ्या चिखलातले झाड त्याची जागा घेते.

मग इतकी वर्षे ते लाकूड कुजले कसे नाही? कारण गाळात हवा शिरत नाही, आणि हवेवाचून कुजणे फार मंदावते. थंड देशांतील दलदलीतही हेच घडते. मेलेले शेवाळ थरावर थर साचून त्याचे ‘पीट’ बनते; आयर्लंडचे लोक ते वाळवून चुलीत जाळीत आले. अशा दलदली जगातील जमिनीचा अवघा ३ टक्के भाग व्यापतात. पण जमिनीत साठलेल्या कार्बनपैकी सुमारे एकतृतीयांश कार्बन त्यांत आहे. दलदल सुकली वा गोठलेली जमीन वितळली, की जुना पालापाचोळा कुजू लागतो, त्याचा वायू हवेत जातो आणि उष्णता वाढते. वाढलेल्या उष्णतेने आणखी जमीन वितळते. आपल्या तिवराखालचा चिखलही असाच साठा आहे. तो उपसला की तोही हवेच्या हवाली होतो.

आता आजची अडचण पाहा. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. पाणी वाढले तर तिवराला मागे सरकायला हवे. खैराच्या रानामागे मोकळे डोंगर होते. कोपरीच्या तिवरामागे काय आहे? चाळी, इमारती, हमरस्ता आणि रूळ! गावाकडचा प्रश्न निराळा. पेण-अलिबागकडे खारबांध फुटला की भरतीचे पाणी भातशेतात शिरते, भात जाते आणि काही वर्षांत तिथे तिवर माजते. त्या शेतकऱ्याला तिवराचे कौतुक कसे वाटावे?

तिवर तोडण्यास उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी केली. ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली या खाडीला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हे चांगलेच झाले. पण कायद्याने कुऱ्हाड थांबते, भरती थांबत नाही. म्हणून जिथे भात पिकते तिथले बांध वेळेवर दुरुस्त झाले पाहिजेत, आणि जिथे तिवरामागे थोडी मोकळी जागा उरली आहे, तिथे भराव पडता कामा नये. या दोन्ही गोष्टी ग्रामसभेत बोलता येण्यासारख्या आहेत.

शिक्षकबंधूंना एक विनंती. टुंड्राचा धडा शिकवाल त्या आठवड्यात, खाडी जवळ असेल तर ओहोटीच्या वेळी मुलांना काठावर न्या. तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळे दाखवा आणि गोदीतल्या खैराची गोष्ट सांगा. दूरच्या टुंड्राचा धडा मग मुलांना दूरचा वाटणार नाही.