ताटलीचा रंग, सुशीचा भाव

ओसाकाच्या पूर्वेला फुसे नावाचं एक स्टेशन आहे. युद्धानंतरच्या वर्षांत हा सगळा भाग लहानलहान कारखान्यांचा होता. अशा वस्तीत सुशी विकायची तर ती कामगाराच्या खिशाला परवडली पाहिजे आणि जेवणाच्या सुट्टीत खाऊन झाली पाहिजे. योशिआकी शिराइशी यांचं इथलं दुकान उभ्याउभ्या खायचं. गिऱ्हाइकांची गर्दी असायची, पण भाव वाढवायची सोय नव्हती आणि हाताखाली माणसं मिळत नव्हती. या विवंचनेत असताना त्यांनी बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून एकामागून एक सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या. बाटली जाते, तर ताटली का जाणार नाही?

पुढची कित्येक वर्षं त्यांनी या ध्यासात घालवली. सरळ जाणारा पट्टा सोपा, खरी पंचाईत वळणावर. सरळ कडांच्या फळ्या तिथे अडकायच्या. शेवटी चंद्रकोरीच्या आकाराच्या फळ्या एकमेकींत बसतील अशा साखळीत ओवल्या, तेव्हा पट्टा वळला. मग प्रश्न वेगाचा. हळू फिरवला तर गिऱ्हाईक ताटकळतं, जोरात फिरवला तर ताटली उचलताना धांदल उडते. सेकंदाला ८ सेंटिमीटर या वेगावर गाडं स्थिरावलं. १९५८ साली फुसेला ‘गेनरोकु सुशी’चा पट्टा फिरू लागला आणि १९६२ साली या युक्तीची रीतसर सरकारी नोंद झाली.

पट्ट्यावरची सुशी म्हटलं की काही खवय्ये नाक मुरडतात. शांत, लाकडी काउंटर, पलीकडे गंभीर चेहऱ्याचा कारागीर, आणि बिल पाहून गिऱ्हाइकाचाही तसाच झालेला चेहरा, हीच त्यांच्या लेखी अस्सल सुशी. इतिहास मात्र त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.

मुळात सुशी म्हणजे मासे टिकवायची युक्ती. खारवलेले मासे शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचे आणि खाताना भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराकाठची फुनाझुशी अजून याच जातीची आहे. तिचा वास सुक्या बोंबलाशी सलोखा असलेल्या नाकालाही जड जाईल. पुढे आंबायची वाट बघण्याऐवजी भातालाच व्हिनेगर लावायची शक्कल निघाली, आणि महिन्यांचं काम तासांवर आलं.

एदो, म्हणजे आजचं टोकियो, हे घाईचं शहर होतं. सुतार, हमाल, एकटे राहणारे पुरुष, सगळ्यांना झटपट काहीतरी हवं असे. १८२० च्या दशकात इथे व्हिनेगर लावलेल्या भाताचा मुटका हाताने वळून त्यावर माशाचा तुकडा बसवायची पद्धत रुळली. तिचं श्रेय सहसा र्‍योगोकुच्या हानाया योहेई याला दिलं जातं. बर्फ नव्हता, म्हणून मासा सोया सॉसमध्ये मुरवायचा, व्हिनेगरमध्ये ठेवायचा किंवा शिजवायचा. रस्त्यावरच्या हातगाडीशी उभं राहायचं, एकदोन मुटके तोंडात टाकायचे आणि चालू पडायचं. आकार आजच्या दुप्पट-तिप्पट, भाव ४ ते ८ मोन. तेव्हा सोबा शेवयांचा वाडगा १६ मोनला मिळे. म्हणजे आपल्याकडच्या वडापावशी सुशीचं नातं जवळचं, मेजवानीशी लांबचं.

या धंद्याच्या बोलीत मराठी माणसाला गंमत वाटेल अशी एक जोडी आहे. भाताला म्हणतात ‘शारी’. हा शब्द संस्कृत ‘शरीर’वरून आला. बुद्धाच्या अस्थींचे कण तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात, म्हणून भाताला ते नाव चिकटलं. आणि भातावर आरूढ झालेल्या तुकड्याला म्हणतात ‘नेता’! जपानीत ‘ताने’ म्हणजे बी किंवा मूळ जिन्नस. दुकानदारांनी तो शब्द उलटा केला, एवढंच. तरी खाली शरीर आणि वर नेता, ही रचना आपल्याला ओळखीची वाटायला हरकत नाही.

हातगाडीवरचा पदार्थ श्रीमंतांनाही आवडू लागला, तशी सुशी महाग होऊ लागली. १८४० च्या दशकात शोगुनाच्या सरकारने चैनबाजीवर बडगा उगारला, तेव्हा महागडी सुशी विकल्याबद्दल योहेईच्या हातात बेड्या पडल्या. १९२३ च्या भूकंपात टोकियो बेचिराख झालं आणि तिथले कारागीर गावोगाव पांगले. एदोची सुशी देशभर पोचली ती अशी.

युद्धानंतरचा प्रसंग तर आणखी बोलका. १९४७ साली अन्नटंचाईमुळे सरकारने खाणावळी बंद केल्या. टोकियोच्या सुशीवाल्यांनी त्यातून पळवाट काढली. आम्ही जेवण विकत नाही, गिऱ्हाइकाने आणलेल्या तांदळाची फक्त सुशी वळून देतो आणि मजुरी घेतो, असं त्यांनी सांगितलं. सरकारने ते मान्य केलं. एक गो, म्हणजे साधारण १५० ग्रॅम तांदूळ द्या आणि दहा नग घेऊन जा. आपल्याकडे दळण घेऊन गिरणीत जातात, तसे लोक तांदूळ घेऊन सुशीच्या दुकानात जात. आजचा लहान मुटका आणि दहा नगांचा हिशेब या व्यवहाराने पक्का केला.

पुढे रस्त्यावरच्या हातगाड्या हटवल्या गेल्या आणि सुशी काउंटरच्या आड गेली. तिथल्या पाटीवर माशाचं नाव असे, पण किमतीच्या जागी ‘जिका’, म्हणजे आजचा चालू भाव. तो विचारायचा कुणी? बायकोमुलांना घेऊन आलेला कारकून तर नाहीच. गल्लीतल्या दुकानातून घरी मागवलेली सुशी पाहुणे आले की ठीक, एरवी नको.

शिराइशींनी नेमकी ही भीती काढून टाकली. पट्ट्याचं कौतुक यंत्र म्हणून झालं, पण खरं काम ताटलीने केलं, असं म्हणायला हवं. रंगावरून भाव कळतो, किंवा सगळ्या ताटल्यांचा भाव एकच असतो. समोर गरम पाण्याचा नळ, डब्यात चहाची पूड, बाजूला फुकटचं लोणच्याचं आलं. खाऊन झालं की रिकाम्या ताटल्यांची चळत मोजायची, तेच बिल. पोराने अजून एक मागितली तर बापाला मनातल्या मनात हिशेब करता येतो.

१९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनाला ६ कोटी ४० लाखांहून अधिक लोक आले, आणि तिथे गेनरोकुचा पट्टा त्यांच्यासमोर फिरला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शिराइशींचे पट्ट्यावरचे हक्क संपले आणि कप्पा सुशी, सुशिरो, कुरा सुशी अशा साखळ्या उभ्या राहिल्या. १९८१ साली सुझुमो कंपनीने भाताचे मुटके वळणारं यंत्र आणलं. वर्षानुवर्षं उमेदवारी केलेल्या कारागिराची गरज तिथे संपली. याचं दुःख करावं की नाही हे आपण काउंटरच्या कोणत्या बाजूला बसतो यावर ठरतं.

पट्ट्याने चवही बदलली. जपानी लोक सॅमन कच्चा खात नसत, कारण त्यांच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये कृमी असत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला फियॉर्डमधल्या जाळ्यांत वाढवलेला सॅमन घेऊन जपानचं दार ठोठावलं. जुन्या दुकानांनी तो बरीच वर्षं आत घेतला नाही. पट्ट्यावर मात्र असले सोवळे नियम नव्हते. आज तिथे पोरासोरांची पहिली पसंती तीच केशरी फोड असते.

शाकाहारी मराठी प्रवाशासाठी एक खबरदारी. काकडीची ‘कप्पामाकी’ खुशाल उचलावी. तळलेल्या टोफूच्या पिशवीतला गोड भात, म्हणजे ‘इनारी’, दिसायला निरुपद्रवी असली तरी ती पिशवी बहुधा माशाच्या अर्कात शिजवलेली असते.

शंभर येनची ताटली ही कित्येक वर्षं जपानी घरखर्चातली स्थिर गोष्ट होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुशिरो आणि कुरा या दोन्ही साखळ्यांनी तिचा निरोप घेतला. पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये एका पोराने सोया सॉसची बाटली चाटल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि पट्ट्यावरचा विश्वास डळमळला. अनेक दुकानांत आता उघड्या ताटल्या फिरत नाहीत. पडद्यावर बोट लावायचं, मग तुमचीच ताटली सरळ तुमच्यापुढे येऊन थांबते.

शिराइशी २००१ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी वारले. सुशी वाढणारे यंत्रमानव आणायचाही त्यांनी प्रयत्न केला होता, तो फसला. फुसेचं दुकान मात्र चालू आहे.