लॅपटॉपमधील यांत्रिक कळफलक

बहुतेक लॅपटॉपच्या कळफलकात प्रत्येक कळीखाली रबराची छोटी घुमटी आणि तिच्या जोडीला कात्रीच्या आकाराच्या पट्ट्या असतात. यांत्रिक कळफलकात मात्र प्रत्येक कळीला स्प्रिंग व धातूचे संपर्कबिंदू असलेला स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या ‘एमएक्स’ मालिकेतील प्रचलित स्विचची कळ ४ मिलिमीटर खाली जाते. पण २ मिलिमीटरवरच अक्षर उमटते. त्यामुळे बोट तळाशी आपटावे लागत नाही. दिवसभर टंकलेखन करणाऱ्यांना हेच मोलाचे वाटते.

लॅपटॉपमध्ये अडचण येते ती उंचीची. २०१५ मध्ये एमएसआय कंपनीने ‘जीटी८० टायटन’ या लॅपटॉपमध्ये पूर्ण उंचीचे चेरी स्विच बसविले. त्यासाठी कळफलक पुढच्या कडेला आणावा लागला, टचपॅड उजवीकडे सरकले आणि वजन साडेचार किलोच्या घरात गेले. २०२१ मध्ये डेलच्या ‘एलियनवेअर’ लॅपटॉपसाठी चेरीने अवघ्या साडेतीन मिलिमीटर उंचीचा स्विच दिला. जाडी आटोक्यात राहिली. परंतु कळीचा प्रवास १.८ मिलिमीटरवर आला. कंपनीने सांगितलेले आयुष्यही एका कळीमागे दीड कोटी दाबांचे आहे. मोठ्या ‘एमएक्स’ स्विचसाठी हाच आकडा दहा कोटी आहे.

म्हणूनच घरी किंवा कार्यालयात एका जागी बसून काम करणाऱ्यांना यूएसबी अथवा ब्लूटूथने जोडता येणारा स्वतंत्र यांत्रिक कळफलक अधिक सोयीचा ठरतो. लॅपटॉप उंचावर ठेवल्यास पडदा डोळ्यांसमोर येतो आणि मान वाकवावी लागत नाही. शिवाय कळफलक बिघडला, तरी लॅपटॉप उघडावा लागत नाही.