लक्ष्मीबाईंची पाच वर्षं

१० फेब्रुवारी १८९५ला ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला जास्त भारी वाटतात ती पुढची पाच वर्षं. लक्ष्मीबाई लगेच नवऱ्यामागे गेल्या नाहीत. आधी वेगळ्या राहिल्या. एकत्र आल्यावरही सोवळं सुटेना. मग स्वतःशीच वाद: जाती देवाने केल्या की माणसाने? माणसानेच, असं पटलं आणि कुणाच्याही हातचं चालू लागलं. येशूवरची श्रद्धा त्यानंतरची. बाप्तिस्मा १९००मध्ये. म्हणजे नवऱ्याचं कॉपी-पेस्ट नव्हतं हे! १९१९ला टिळक गेले, ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या थोड्या अध्यायांवर अडलं. उरलेलं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. लहानपणी शाळा न पाहिलेल्या बाईने. अक्षरं टिळकांनीच शिकवलेली.