मसुरीच्या दाण्याएवढे नाणे

मराठी भाषेने क्षुद्रतेचे मोजमाप बहुधा नाण्यांनीच केले आहे. कवडीमोल वस्तू, दमडीची अक्कल, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, हे शब्दप्रयोग ज्यांनी रूढ केले त्यांच्या कनवटीला खरोखरच कवड्या आणि दमड्या असत. मोहरा व होन दरबारात आणि सावकाराच्या तिजोरीत राहिले. बाजारहाट, मजुरी, देवापुढची दक्षिणा हे सारे चालले ते अगदी लहान नाण्यांवर. अशा नाण्यांचा संग्रह करण्याचा नाद काही मंडळींना जडतो. तो नाद जितका मोहक तितकाच कटकटीचा आहे.

दक्षिण हिंदुस्थानातील सोन्याचा पण, ज्यास परदेशी प्रवासी ‘फनम’ म्हणत, हे या जातीचे सर्वोत्कृष्ट उदाहरण होय. विजयनगरचा वराह सुमारे 3.4 ग्रॅम वजनाचा, तर पण त्याच्या दशांशाएवढा, म्हणजे जेमतेम तीन गुंजांचा. चौतीस-पस्तीस पण तराजूत घालावे तेव्हा कोठे तोळा भरतो. आकाराने तो मसुरीच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. सन 1443 मध्ये विजयनगरास आलेला इराणी वकील अब्दुर रझाक याने तेथील नाण्यांचे वर्णन करताना सर्वांत उपयोगी नाणे म्हणून या पणाचाच निर्देश केला आहे. गोमंतकाच्या दृष्टीने हा उल्लेख परका नव्हे. माधव मंत्र्याने गोवा जिंकून सप्तकोटीश्वराची पुनःस्थापना केली तेव्हापासून सन 1472 मध्ये महमूद गावानने गोवा घेईपर्यंत या भूमीवर बहुतेक काळ विजयनगरचीच सत्ता होती.

पुढे म्हैसूरचा कंठीरव नरसराज वोडेयर (1638–1659) याने पाडलेल्या पणांवर तर नृसिंहाची आकृती आहे. सहा-सात मिलिमीटरांच्या चकतीत नृसिंह बसवणाऱ्या त्या ठसेकाराच्या दृष्टीची व हाताची कल्पनाच करावी! भिंग घेऊन पाहू लागले की प्रथम नुसते उंचवटे दिसतात. नाणे उजेडात थोडे कलते धरले की त्यांतून हळूहळू गुडघे, हात, मस्तक उमटू लागते. संग्राहकास वेड लागते ते या क्षणी. मौज अशी की, दहा कंठीरवी पणांचा मिळून एक कंठीरवी वराह होई, पण तो वराह केवळ हिशेबाच्या वहीत असे. प्रत्यक्षात टांकसाळीतून पडत ते हे दाण्याएवढे पणच. मोठे नाणे कागदावर आणि लहान नाणे हातात, असा तो व्यवहार होता.

एवढाली नाणी मोजावी कशी, हा प्रश्न त्या काळच्या लोकांनाही पडला होता. त्रावणकोरात चांदीचे ‘चक्रम’ चाले. चार चक्रमांचा एक पण आणि सात पणांचा एक त्रावणकोरी रुपया, असा तेथील हिशेब. चक्रमही वजनाने पणाएवढेच. ही नाणी बोटांनी मोजणे अशक्यप्राय असल्याने तेथे लाकडाची एक फळी वापरीत. फळीवर ओळीने कोरलेले बारीक खळगे असत, आणि प्रत्येक खळग्यात एकच नाणे मावे. मूठभर नाणी फळीवर टाकावी, फळी हलवावी, खळगे भरले की उरलेली हाताने बाजूस सारावी, की मोजणी झाली! शंभर खळग्यांची फळी भरली म्हणजे शंभर नाणी, त्यात वादाला जागा नाही. अशी एखादी झिजलेली फळी कोणाच्या संग्रहात असेल तर ती चक्रमांच्या पिशवीहून मोलाची समजावी.

गोव्यातील लहान नाण्यांची कथा मात्र इतकी सुबक नाही. आफोंसु द आल्बुकेर्क याने सन 1510 मध्ये टांकसाळ उघडली तेव्हा सोन्याचांदीबरोबर तांब्याची हलकी नाणीही पाडली. तीच पुढे ‘बझारूक’ या नावाने प्रसिद्धीस आली. पंचाहत्तर बझारुकांचा एक तांग आणि पाच तांगांची एक अश्रफी, म्हणजे अश्रफीला 375 बझारूक! सन 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेला डच गृहस्थ लिन्शोतेन याने बझारूक हे सर्वांत हलके नाणे असल्याचे व ते हिणकस कथलाचे असल्याचे नमूद केले आहे. नाक्यानाक्यावर बसणाऱ्या शराफांविषयीही तो लिहितो. खोटे नाणे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे तांब्याबरोबर कथील व शिसे या धातूंचेही बझारूक निघाले. या नाण्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात मुंबईत वैद्यकी करणाऱ्या डॉ. जेर्सन द कुन्य या गोमंतकीयाने केला, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

आता त्रासाची बाजू. पहिला त्रास वाचनाचा. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे अक्षरे अर्धी नाण्यावर आणि अर्धी हवेत. बहुतेक पणांवर वर्ष नाही, टांकसाळीचे नाव नाही. एकाच राजाचे दहा पण जमवले तर कोठे त्यांवरील लेख जोडून पुरा होतो. संग्राहक मग दहा काय, वीस जमवू लागतो आणि घरातील मंडळी कपाळाला हात लावतात. दुसरा त्रास हरवण्याचा. एक शिंक आली की विजयनगरचे साम्राज्य फरशीच्या फटीत!

तिसरा त्रास धातूचा, आणि गोव्याच्या दमट हवेत तो विशेष जाणवतो. शिशाचे बझारूक लाकडी पेटीत ठेवणे हा तर त्यांचा घातच. लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत नाण्याच्या जागी पिठाची चिमूट उरते. शेकडो वर्षे मातीत टिकलेले नाणे कोण्या हौशी माणसाच्या सागवानी पेटीत संपावे, यास काय म्हणावे? तांब्याची नाणी चिंच लावून लखलखीत करणारेही आहेत. देवाची उपकरणी घासावी तशी नाणी घासू नयेत. त्या घासण्याने अक्षरे जातात, ती परत येत नाहीत.

चौथी गोष्ट खोट्या नाण्यांची. पण सोन्याचा असला तरी सोने अल्प, म्हणून किंमत मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातली. बेताच्या पगाराच्या मनुष्यासही पाचशे वर्षांपूर्वीचे सुवर्णनाणे घरी आणता येते, हे या नादाचे मोठे आकर्षण. पण त्याच कारणाने नकलाकाराचेही फावते. एवढ्याशा नाण्याची नक्कल करणे सोपे, आणि ती ओळखण्यास शतांश ग्रॅम दाखवणारा काटा व सरावलेला डोळा लागतो. लिन्शोतेनने पाहिलेले शराफ आता नाक्यावर बसत नाहीत.

सर्वांत मोठी हानी मात्र याहून वेगळी आहे, व तिचा संबंध देवस्थानांशी आणि महाजन घराण्यांशी येतो. जुन्या घरांत देव्हाऱ्यातील डबीत, कुंकवाच्या करंड्यात असे चार-दोन पण असत. सोनाराकडे नवे पदक घडवताना ते वजनास वजन म्हणून मुशीत गेले. मंदिराच्या जीर्णोद्धारात सापडलेले नाणे कोणी प्रसाद म्हणून घरी नेले, कोणी विकले. कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते, असे 1878 चा केंद्रीय कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेण्यास 1972 च्या कायद्याने मनाई आहे. पण कायद्याच्या डोळ्यांना मसुरीचा दाणा कोठून दिसणार? एखादे नाणे पायात सापडले की गर्भागाराच्या चौथऱ्यात, एकटे की ढिगाने, एवढे लिहून ठेवले असते तर त्या मंदिराच्या बांधकामाचा काळ ठरवण्यास पुरावा मिळाला असता. बाजारातून हात बदलत आलेला पण कितीही सुबक असला तरी तो मुका असतो. म्हणून संग्राहकाची भूक आणि इतिहासाची गरज यांचे नेहमी जुळतेच असे नाही.

देवस्थानाच्या फंडपेटीतही एक छोटा संग्रह आपोआप साठत गेला. गोव्यात 1959 पासून रुपयाच्या जागी एस्कुद चालू झाला, तेव्हा सर्वांत लहान नाणे दहा सेंतावांचे. मुक्तीनंतर भारतीय पैसे आले. ॲल्युमिनियमचा चौकोनी पैसा पाऊण ग्रॅमचा, वाऱ्यानेही सरकेल असा. 30 जून 2011 नंतर पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून गेली. कोणत्याही बँकेत ती आता घेतली जात नाहीत. फंडपेटी उघडली जाते तेव्हा कधी तळाशी अजून एखादे सापडते. मोजणारे ते बाजूला काढून ठेवतात, आणि संध्याकाळी टेबल आवरताना ते नोटांच्या पट्ट्यांबरोबर केरात जाते.