जोर, जोडी आणि डावा हात

मराठी तालमीत शिरलं की कितीतरी शब्द फारसी-अरबी वळणाचे भेटतात. कुस्ती, पैलवान, जोर हे फारसीतून आलेले, तालीम अरबीतून आणि कोल्हापूरचा वस्ताद म्हणजे फारसीतला उस्ताद. इराणात पारंपरिक व्यायामशाळेला जोरखाना म्हणतात. आपण लाल मातीत मारतो तोच हा जोर. अर्थात, शब्द तिकडचे म्हणून विद्याही तिकडचीच, असं म्हणणं उथळपणाचं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचं वर्णन आहेच.

या दोन्ही परंपरांतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे जोडी. आपल्याकडे मुद्गलांची जोडी, जोरखान्यात 'मील'ची. तिथे 'संग' नावाच्या लाकडी ढालीही दोनच असतात. पाठीवर निजून त्या उचलायच्या आणि अंग एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला वळवायचं.

कुस्ती मुळात माणसाला एकांगी करणारी. पवित्र्यात एक पाय कायम पुढे, आणि बहुतेक पैलवानांचा हुकमी डाव एकाच अंगाला बसलेला. जोडी नेमकी याच्या उलट चालते. प्रत्येक हाताला आपापलं वजन, त्यात उसनवारी नाही. डावा कच्चा असेल तर त्याचा मुद्गल डोक्यामागून येताना डगमगतो आणि वस्तादाला लांबूनही दिसतो. जिममधल्या लांब दांड्याचं तसं नाही. दोन्ही हातांत दांडा एकच, त्यामुळे बळकट बाजू गुपचूप जास्त भार ओढते आणि दुबळी बाजू तिच्या आड लपते. आरशासमोर महिनोन्‌महिने घाम गाळूनही एक खांदा लहान राहतो, त्याचं एक कारण हे.

आधुनिक वैद्यकाला या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहायला लावलं ते युद्धाने. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघ्याला दुखापत झालेले सैनिक पडून होते. एक मांडी धड, दुसरी वाळलेली. तोवरची रीत हलक्या वजनाने पुष्कळ वेळा पाय हलवण्याची. थॉमस डीलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टरने ती मोडली. लहानपणी संधिवाती तापाने अंथरुणाला खिळल्यानंतर त्याने स्वतः वजनं उचलूनच ताकद परत मिळवली होती. त्याने दुबळ्या पायाला लोखंडी बूट बांधून जड वजन उचलायला लावलं आणि ते हळूहळू वाढवत नेलं. १९४५ साली ही पद्धत छापून आली. १९४८ पर्यंत ती सुटसुटीत झाली : जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, त्याच्या निम्म्याने दहा, पाऊण वजनाने दहा, मग पूर्ण वजनाने दहा. आज जिममध्ये सर्रास सांगितले जाणारे 'तीन सेट, दहा-दहा' याच वळणाचे.

याच्याही आधी, १८९४ साली, येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक नवल दिसलं होतं. एकाच हाताने मूठ आवळण्याचा सराव केला, तर सराव न केलेल्या हाताची पकडही वाढली. हा फायदा स्नायूचा नव्हे, मज्जासंस्थेचा. म्हणून दुसऱ्या हाताची ताकद वाढते, पण त्याचा घेर वाढत नाही. पुढच्या अभ्यासांत ही वाढ सरासरी आठ ते बारा टक्क्यांच्या घरात आढळली. फार नाही, पण प्लास्टरमधल्या हाताला तेवढंही पुष्कळ.

हे मी पुस्तकी बोलत नाही. माझं डावं मनगट मोडलं, तेव्हा फिजिओथेरपिस्टने प्लास्टर असतानाच उजव्या हाताला काम लावलं. अम्मीला ते मुळीच पटलं नाही. "मोडलाय डावा आणि मेहनत उजव्याची?" ती रोज विचारायची. प्लास्टर निघालं तेव्हा डाव्या हाताची काडी झाली होती. मग उजव्याचा लाड संपला. दोन सारखे डंबेल, आधी डाव्याने उचलायचं, आणि डावा जिथे थकेल तोच आकडा उजव्यालाही. पहिल्या दिवशी डावा सातावर थांबला. उजवा सहज वीसपर्यंत गेला असता. त्यालाही सातावरच थांबवला.